देव नाही म्हणाला नव्हता

आठ वर्षं मी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. एका माणसाला ती ठाऊक होती, पण त्याला मी सांगितली नव्हती — त्याने ती आपल्या बोटाने शोधून काढली होती. गेल्या रविवारी घरातल्या दोघींना सांगितली. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, आणि खरं सांगू का? म्हणूनच तुमच्यापुढे जीभ जरा सैल सुटते आहे.

माझं नाव यशवंत. चाकणच्या अलीकडे आमचं गाव. मी टर्नर आहे, म्हणजे लेथवर लोखंड फिरवून, कातून, त्याला हवा तो आकार देणारा. हल्ली पिंपरीला औषधांचा नवा कारखाना झालाय, तिथल्या दुरुस्तीखात्यात असतो, आणि चिंचवडला दोन खोल्यांत बिऱ्हाड आहे. माझ्याविषयी कुणाला विचारलंत तर लोक चांगलंच बोलतील. देवाच्या एका शब्दावर विलायत सोडलेला माणूस. बायकोला शिकवणारा नवरा. या दोन्ही गोष्टी मी आठ वर्षं मान खाली घालून ऐकून घेतल्या. लोकांना वाटायचं, काय हा विनय!

तर ऐका. पण मी लगेच मुद्द्यावर आलो नाही तर रागावू नका. ज्या गोष्टीभोवती माणूस आठ वर्षं वळसे घालत आला, तिच्यात तो एकदम कसा शिरणार?

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. देहूरोडच्या बाजूला लष्कराचं एक वर्कशॉप होतं, तिथे मी आणि हमीद शेजारशेजारच्या लेथवर उभे असायचो. हमीद चिंचवडचा, कल्हईवाल्याचा मुलगा. फार कमी बोलायचा. बोलण्याचं खातं माझ्याकडे होतं. आमचा जुना गोरा साहेब, ज्याने आम्हा दोघांना काम शिकवलं, तो केव्हाच आपल्या देशी गेला होता आणि बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात फोरमन झाला होता. एक दिवस त्याचं पत्र आलं — दोघांच्या नावाने एकच. इथे कामगारांची फार चणचण आहे, तुम्ही दोघे या, असं त्याने लिहिलं होतं. पण दोन वर्षांसाठी येऊ नका. यायचं तर कायमचे या, बायकांना घेऊन या.

कायमचे! तुम्हीच सांगा, हा शब्द केवढा मोठा आहे? शिकायला जाणं वेगळं, पैसा गाठीला बांधून परत येणं वेगळं. कायमचं म्हणजे तिथेच म्हातारं व्हायचं. गावात पत्राची बातमी पसरली तेव्हा एका आजोबांनी मला पारावर थांबवून एकच प्रश्न विचारला, "तिकडं नदी हाय का रं?" मला आधी कळेना की त्यांना काय म्हणायचंय. मेल्यावर अस्थी कुठे सोडणार, हे ते विचारत होते. कळलं तेव्हा हसू आलं, आणि पुढचे चार दिवस तेच डोक्यात राहिलं.

हमीदचा थोरला भाऊ नैरोबीला रेल्वेच्या वर्कशॉपात होता. तो हमीदला केव्हापासून बोलावत होता. त्यामुळे आमच्यापुढे दोन वाटा झाल्या — विलायत की आफ्रिका. स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा पिताना मी रोज एका देशाची बाजू घ्यायचो. सोमवारी नैरोबी, कारण तिथे ऊन आहे आणि आपली माणसं आहेत. मंगळवारी बर्मिंगहॅम, कारण वाघिणीचं दूध प्यायचं तर वाघिणीपाशीच जावं. अशी काहीतरी वाक्यं मी टाकायचो आणि चार टेबलं ऐकत बसायची. हमीद बशीतला चहा संपवून म्हणायचा, "यशवंतराव, ठरव बाबा एकदाचं. मला घरी विचारतात." शेवटी त्याने आपलं नैरोबीचं ठरवून टाकलं. भाऊ तिथे आहे, एवढं कारण त्याला पुरलं.

आणि माझ्या घरी इंदू होती.

इंदू माझी बायको. लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. तळेगावच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांची मुलगी, सातवी पास. तिने वडिलांचा जुना नकाशासंग्रह मागवून घेतला, मुंबईवर टाचणी रोवली, आणि शिवणाचा दोरा घेऊन दोन्हीकडची अंतरं मोजली. नैरोबी जवळ होतं. तरी तिने बर्मिंगहॅमवर बोट ठेवलं. तिकडे लग्न झालेल्या बायकासुद्धा नर्स होतात, असं तिने कुठेसं वाचलं होतं. तिला नर्स व्हायचं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. वर्षभर एका घरात राहून मी कधी विचारलं नव्हतं, आणि तिनेही, विचारल्याशिवाय सांगायचं कसं म्हणून, सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती इतकी बोलली, इतकी बोलली, की तव्यावरची भाकरी करपली.

मी काय केलं? मी म्हणालो, ठरलं तर मग. विलायत.

आता खरी गोष्ट सांगतो. माझी गावात, वर्कशॉपात जी काही ख्याती होती ती बारीक कामाबद्दल होती. पण सगळ्यात बारीक आटे मला पाडता येत नव्हते. स्क्रूवर असतात तसे आटे, पण केसाच्या अंतराने. शेवटचा हात फिरवताना माझं बोट किंचित हलायचं. किती किंचित? दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायचं नाही इतकं. पण लोखंडाच्या लक्षात यायचं. मग मी तो तुकडा मुकाट्याने हमीदच्या लेथवर सरकवायचो आणि तो मुकाट्याने पुरा करून परत द्यायचा. चार वर्षं हे चाललं. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. साहेबाने ज्या कामासाठी माझी पाठ थोपटली, त्यातलं अर्धं हमीदचं होतं. आणि साहेबाच्या पत्रात खाली एक ओळ होती — इथे प्रत्येक नव्या माणसाकडून पहिल्या दिवशी बारीक आट्यांचा एक तुकडा करून घेतात, मी शेजारी उभा असेन, तुम्हाला काय अवघड आहे!

ती ओळ मी इंदूला वाचून दाखवली नाही. हमीद नैरोबीला जाणार होता, म्हणजे बर्मिंगहॅमला शेजारच्या लेथवर हमीद असणार नव्हता. आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं बायकोला. हो. एवढंच करायचं होतं. पण दहा मैलांत ज्याच्यासारखा टर्नर नाही, साहेबाचा उजवा हात, असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याने घरी येऊन काय म्हणायचं? मला येत नाही? मी बढाईखोर होतो, आणि बढाईखोर माणसाइतकं भित्रं दुसरं कुणी नसतं. मी रात्रंदिवस एकच विचार करत होतो, की नाही म्हणायचं आहे, पण माझ्या तोंडून नको.

मग आईला सांगितलं. वडील मी लहान असतानाच गेलेले, मी एकुलता एक. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "जा बाबा. मी हाय हितं, मला काय धाड भरलीया? पर देवाला इचारून जा."

आमच्या गावात मोठं काही करायचं तर भैरोबाचा कौल घेतात. विहीर खणायची असो, सोयरीक जुळवायची असो. रीत अशी — दोन फुलं पाण्यात बुडवायची आणि देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवायचं. मग मनातलं बोलून वाट पाहायची. देवाच्या उजव्या खांद्यावरचं फूल आधी पडलं तर होय. डाव्या खांद्यावरचं पडलं तर नाही. उजवा कौल मिळाला की माणसं निर्धास्त होतात, डावा मिळाला की विषय संपला. त्यावर कुणी वाद घालत नाही. माझ्यासारख्या माणसाला आणखी काय हवं होतं?

रविवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. आई, इंदू, मी आणि बातमी ऐकून आलेली दहा-बारा माणसं. गुरव होते सखाबाबा, सत्तरीच्या पुढचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. फुलं लावायचं काम त्यांचं. पण त्या दिवशी ते मला म्हणाले, "तूच लाव, लेकरा. माजा हात आता जाग्यावर ऱ्हात न्हाई. तुजा यंत्रावर बसलेला हात हाय."

मी नुकताच नैवेद्याचा गूळ फोडला होता. अंगठा चिकट झाला होता. खरं सांगतो, घरून निघताना माझ्या मनात असलं काही नव्हतं. डावा कौल मिळू दे, एवढीच मनातल्या मनात याचना करत होतो. पण कण्हेरीची दोन फुलं हातात आली, आणि अंगठ्याला गूळ होता, आणि सगळ्यांकडे माझी पाठ होती. मी गुळाचा ज्वारीच्या दाण्याएवढा खडा अंगठ्याने मळला, उजव्या फुलाच्या देठाशी लावला आणि ते फूल देवाच्या खांद्यावर दाबून बसवलं. डावं नुसतं पाण्याने लावलं. हात अजिबात हलला नाही. आयुष्यात इतकं बारीक काम मी इतक्या सफाईने दुसरं केलेलं नाही.

सखाबाबांनी हात जोडून मोठ्याने विचारलं, "देवा भैरवनाथा, लेकरू बायकू घिऊन कायमचं विलायतेला निघालंय. जावं आसंल तर उजवा दे, ऱ्हावं आसंल तर डावा दे."

थोड्या वेळाने डावं फूल पडलं. पडणारच होतं.

मी वळून इंदूकडे पाहिलं नाही. आईचा आवाज मात्र ऐकला. ती पुढे येऊन सखाबाबांना म्हणाली, विलायतेला नसंल, आफ्रिकेचं तरी इचारा. तिथं त्येचा दोस्त चाललाय. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. सखाबाबांनी दुसरं डावं फूल लावायला सांगितलं. उजवं जागेवर होतंच. आता तुम्ही बघा — त्या क्षणी मला ते उजवं फूल काढून, तिथलं पुसून, दोन्ही नव्याने लावता आली असती. कुणी हटकलं नसतं. आफ्रिकेत हमीद असणार होता. तिथे मला कसली भीती होती? पण उजव्या फुलाला हात लावला तर गूळ उघडा पडेल, एवढंच मला सुचलं. मी फक्त डावं लावलं. तेही पडलं. पहिलं पाप मी हाताने केलं होतं, दुसऱ्याला हातही लागला नाही.

माणसं हळहळत घरी गेली. दुपारी देवळात विसरलेलं ताट आणायला मी परत गेलो, तर सखाबाबा देवाजवळ बसले होते. देवाच्या उजव्या खांद्यावर मुंग्यांची रांग लागली होती. त्यांना ती दिसत नव्हती, पण हातावर चढलेली मुंगी कळते की. ते बोटाने चाचपत, चाचपत त्या जागेपर्यंत गेले, बोट नाकाशी नेलं, मग जिभेला लावलं. मी उंबऱ्यात उभा होतो.

त्यांनी ओल्या फडक्याने देवाचा खांदा पुसला. दोनदा पुसला. मग माझी चाहूल ओळखून, तोंड न वळवता म्हणाले, "तुजी आय काल सांजंला खण-नारळ घिऊन आली व्हती. देवाला म्हनाली, माज्या पोराला उजवा दे. त्येच्या पायात माजी बेडी नको." ताट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "ताट घे आन् जा घरी. मला दिसतच न्हाई, तर म्या काय पाह्यलं?"

मी ताट घेऊन घरी आलो. आलो आणि गप्प बसलो.

ते गप्प बसणं किती महागात पडलं, आणि कुणाला, ते आता सांगतो. कारण मला वाटत होतं की फक्त एक प्रवास रद्द झाला. इंदूने आदल्या संध्याकाळी आईला खण-नारळ घेऊन देवळात जाताना आणि मग सखाबाबांशी बोलत बसलेलं पाहिलं होतं. फुलं मी लावली असली तरी ती भिजवून माझ्या हातात दिली होती सखाबाबांनी; तिने दोन आणि दोन चार केले. सासूने गुरवाला वश करून मुलाला अडवलं, अशी तिची पक्की समजूत झाली. तिने आदळआपट केली नाही, तो तिचा स्वभाव नाही. लग्न झाल्यापासून ती आईला 'आत्याबाई' म्हणायची. त्या दिवसापासून तिने आईला हाकच मारली नाही. बोलायची, सगळं करायची, पण हाकेवाचून. भैरोबाचा प्रसाद तिने पुन्हा हातात घेतला नाही. आणि 'गुरवाचे डोळे गेलेत, पण हात बरोबर चालतात' असं ती माहेरी बोलली, तिथून ते फिरत फिरत गावात आलं. सखाबाबांच्या कानावर गेलं. दोन वर्षांपूर्वी ते वारले, तोवर त्यांनी खरं कुणाला सांगितलं नाही.

आणि आई? तिला वाटलं, दोष तिचाच. तोंडाने ती जा म्हणत होती, पण पोटात कुठेतरी पोराने राहावं असं होतं, आणि देवाने पोटातलं ऐकलं. त्याचं प्रायश्चित्त म्हणून तिने रविवारचे उपास धरले. आठ वर्षं, दर रविवारी. मी गावी गेलो की तिच्यासमोर बसून जेवायचो आणि ती पाणी पिऊन मला वाढायची. घास कसा उतरत होता, विचारू नका. उतरत होता, एवढं खरं.

एक शब्द सांगितला असता तर दोघींच्या मधली भिंत तिथल्या तिथे पडली असती. मला ठाऊक होतं. मी ते रोज ठरवत होतो. पण वर्षागणिक त्या कबुलीचं वजन वाढत गेलं, आणि माझी उचलायची तयारी कमी होत गेली. शिवाय — हेही सांगून टाकतो — मला ती परिस्थिती सोयीची होती. इंदू माझ्यावर रागावली नव्हती. उलट तिला माझी कीव यायची.

पण इंदू रुसून बसणाऱ्यातली नाही. विलायत गेली तर गेली, मग पुणे तरी आहेच, असं म्हणून ती पुण्यातल्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला मिळतं का ते विचारून आली. लग्न झालेली म्हणून दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा गेली तेव्हा घेतलं. तोवर आम्ही चिंचवडला बिऱ्हाड केलं होतं आणि आमची शकू दोन वर्षांची झाली होती. तिला कुणी सांभाळायचं? आईने एका शब्दाने काही न विचारता नातीला गावी नेलं आणि तीन वर्षं सांभाळलं. मी इंदूला शिकायला पाठवलं म्हणून लोक मला सुधारक म्हणू लागले. मी काय पाठवणार! ती गेली. मी फक्त आडवा आलो नाही, आणि तेवढं तरी मला करायलाच हवं होतं. हमीद नैरोबीहून पत्र पाठवायचा, एकदा नव्या घरासमोर उभा राहून काढलेला फोटोही पाठवला. शेवटी नेहमीची ओळ — तुझी जागा अजून रिकामी आहे.

या वर्षी इंदूच्या दवाखान्यातल्या मोठ्या बाईंनी तिचं नाव इंग्लंडमधल्या एका इस्पितळाला कळवलं. मागच्या महिन्यात उत्तर आलं. तिला बोलावलंय. पुढे तिथेच राहता येईल, घरच्यांनाही नेता येईल. या वेळी पत्र तिच्या नावाचं होतं. ती वाचताना मी तिच्याकडे बघत होतो. आठ वर्षांपूर्वी दोरा घेऊन नकाशावर वाकलेली मुलगी मला पुन्हा दिसली, आणि मला आनंद झाला. खराखुरा आनंद. पाठोपाठ भीती आली, की आता पुन्हा देवाला विचारतील.

गेल्या रविवारी आम्ही गावी गेलो. शकूने पोचल्या पोचल्या आजीला सगळं सांगून टाकलं. इंदू ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. आई पूजेचं ताट हातात घेऊन बाहेर आली. तोंडावर इतकी आशा, की बघवेना. म्हणाली, "चल गं इंदू, देवाला इचारू. आठ वर्सं उपास केलाय म्या. या खेपेला त्यो उजवाच देतोय का न्हाई बघ."

इंदूने सुपातून मान वर केली नाही. शांतपणे म्हणाली, "एकदा विचारलं तेवढं पुष्कळ झालं. या वेळी त्याला आधी काय सांगून ठेवलंय तुम्ही?"

आईच्या हातातलं ताट कललं, हळद-कुंकू एकात एक झालं. तिला तो टोमणा कळलासुद्धा नसेल नीट, फक्त लागला. आणि मी — मी बोललो. कसा बोललो ते मला माहीत नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. आईचा तो चेहरा आणखी क्षणभर पाहणं मला जमणार नव्हतं, एवढंच.

मी म्हणालो, "आई, उजवं फूल मी चिकटवलं होतं. गुळाने."

तुम्हाला वाटेल, एवढं बोललं की झालं. तसं होत नाही. आईला समजेना. कोणतं फूल? कुठला गूळ? मला ओट्यावर बसून सगळं नीट समजावून सांगावं लागलं — अंगठा, देठ, किती गूळ, कसा दाबला. नवख्या कामगाराला काम समजावतात तसं. आई मधे मधे विचारत होती. "आन् ते दुसऱ्यांदा? आफ्रिकेचं?" मी म्हणालो, तोच गूळ. मग सखाबाबांचं सांगितलं. मुंग्यांचं सांगितलं. तिने खण-नारळ घेऊन काय मागितलं होतं, ते मला त्याच दुपारी कळलं होतं, हेही सांगितलं. तेव्हा इंदूचे तांदळातले हात थांबले.

आई एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "मंजी देव न्हाई म्हनलाच नव्हता?"

"नाही."

"माजं पोटातलं बी त्येनं ऐकलं नव्हतं?"

"नाही, आई."

तिने ताट खाली ठेवलं आणि ती रडू लागली. पण त्या रडण्यात नुसतं दुःख नव्हतं, हो. आठ वर्षं डोक्यावर घेतलेला हारा कुणीतरी खाली उतरवावा, तसं तिचं अंग मोकळं होत गेलं. माझ्यावर ती रागावली, ते त्यानंतर. चांगली रागावली. काय म्हणाली ते इथे सांगत नाही, पण त्यातला एकही शब्द जास्त नव्हता.

इंदूने एकच विचारलं. का? मी आट्यांचं सांगितलं. हलणाऱ्या बोटाचं, हमीदच्या लेथवर सरकवलेल्या तुकड्यांचं, पत्रातल्या त्या ओळीचं. जन्मात पहिल्यांदा सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "एवढंच होतं? मला सांगायचंत की. नैरोबीला गेलो असतो. हमीदभाई होतेच तिथे."

इतकं सोपं होतं. मी आठ वर्षांत कधी असा विचारच केला नव्हता, की ती हसणार नाही, हिणवणार नाही, नुसतं नकाशावरचं बोट उचलून दुसरीकडे ठेवेल. तिला नर्स व्हायचं होतं. ते कुठे, याबद्दल तिचा हट्ट नव्हता. हट्ट माझा होता, माझ्या नावलौकिकाचा.

मग ती उठली. सूप बाजूला ठेवलं, आईला हाताला धरलं आणि म्हणाली, "आत्याबाई, आत चला. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या." दोघी आत गेल्या. दार लावलं नाही, पण मी आत गेलो नाही. शकू मला विचारत होती, बाबा, देवाला गूळ आवडतो का? मी तिला काय सांगणार? आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आई रविवारची जेवत होती. खूप वेळ दोघींचं हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. काही मला ऐकू येत होतं, काही नाही. एकदा आईचं ऐकू आलं, "तिकडं बाजरी मिळती का गं?" आणि इंदू हसली. त्या घरात तिचं हसू मी किती वर्षांनी ऐकलं, ते मोजायचं धाडस मला झालं नाही.

त्या दिवसापासून मी कारखान्यात सुट्टी झाल्यावर अर्धा तास थांबतो. भंगारातले तुकडे घेऊन बारीक आटे पाडतो. दहांतले तीन जमतात, कधी चार. उरलेले कुणाच्या लेथवर सरकवत नाही, परत भंगारात टाकतो. हमीदला पत्र लिहिलंय. त्याच्या आट्यांवर मी मिरवलो, हे त्याला माहीत आहेच, पण माझ्या अक्षरात ते त्याच्याकडे असावं असं वाटलं. सखाबाबांचा मुलगा आता देवळात असतो. त्याच्याकडे जाऊन, पारावर चार माणसं असताना, त्याच्या बापाचं नाव मी स्वच्छ करून आलो. त्याने ऐकून घेतलं आणि तो देवाला दिवा लावायला गेला.

मी भ्यालो होतो, हे कारण झालं. पण गूळ माझ्या बोटांनी लावला, आणि आठ वर्षं तोंड मी मिटून ठेवलं. यात देवाचा, दैवाचा, कुणाचा वाटा नाही.

इंदूची बोट सप्टेंबरात आहे. या वेळी कौल घेतला नाही. तिने आईला विचारलं, आईने जा म्हटलं, आणि झालं. शकू पहिलं वर्ष आजीपाशी राहील, मग इंदू तिला बोलावून घेईल. आईलाही ये म्हणालीय. आई विचार करते आहे, बाजरीवर अडलंय. माझ्याबद्दल त्या दोघींनी काय ठरवलं आहे, ते अजून मला सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही.